गाठीचा चयापचय एमआरआयमध्ये दिसतो म्हणजे नेमके काय दिसते?

देवगड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या दिरांच्या अहवालाविषयी विचारले आहे. दिरांना आकडी आली, मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात गाठ आढळली आणि एमआरआय स्पेक्ट्रोस्कोपीच्या अहवालात ‘कोलीन वाढलेले, एनएए घटलेले, लॅक्टेटचे दुहेरी शिखर, उच्च श्रेणीच्या ग्लायोमाची शक्यता, बायोप्सी करावी’ असे लिहून आले. ग्लायोमा म्हणजे मेंदूतील आधारपेशींपासून होणारी गाठ, आणि श्रेणी जितकी उच्च तितकी ती घातक. गाठीचा चयापचय एमआरआयमध्ये खरोखर दिसत असेल तर तुकडा काढायचा कशाला, पेट स्कॅनसाठी मुंबईला न्यावे का, पायरुव्हेट टोचून करतात ती नवी तपासणी आपल्याकडे होते का, आणि कोलीन वाढले म्हणून घरच्यांनी बंद केलेली अंडी-मासळी बंदच ठेवावी का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. रेडिओलॉजिस्ट म्हणून या किनारपट्टीवर अनेक वर्षे हेच काम करत असल्याने जरा विस्ताराने उत्तर देतो.

आधी निष्कर्ष सांगतो. आपल्या दिरांची झालेली तपासणी चयापचयाचा वेग दाखवत नाही. चयापचयातील काही मोजक्या रेणूंचा तपासणीच्या तीन-चार मिनिटांतला साठा दाखवते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पहाटे धक्क्यावर मासळीचे किती ट्रे पडले आहेत हे मोजले, तर तेवढ्यावरून होड्या किती भरून आल्या आणि बर्फ घालून किती गाड्या निघून गेल्या हे कळत नाही. ढीग मोठा दिसतो तो आवक जास्त म्हणून की गाड्या अडकल्या म्हणून, हे ढिगाकडे पाहून सांगता येत नाही. आपल्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे साठा आणि वेग यांतल्या या फरकातूनच निघतात.

एमआरआयचे नेहमीचे चित्र पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येते. टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक; ही केंद्रे १.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झला आणि ३ टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२८ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतात. मात्र हायड्रोजन कोणत्या रेणूत आणि कोणत्या अणूंच्या शेजारी बसला आहे त्यानुसार ही वारंवारता किंचित, म्हणजे दशलक्षात काही भाग (पीपीएम) इतकीच, सरकते, आणि हे सरकणे मोजून रेणू ओळखणे म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपी. ब्लॉख आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये केंद्रांचा हा प्रतिसाद, म्हणजे अनुनाद, दाखवला, १९५२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा त्याचा उपयोग करू लागल्या. लॉटरबर यांनी त्यातून चित्र काढण्याची रीत मांडली ती १९७३ मध्ये. स्पेक्ट्रम आधीचा आणि चित्र नंतरचे, ही गोष्ट आमच्याच शाखेतले पुष्कळजण विसरतात.

अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पाण्यात हायड्रोजनची केंद्रे लिटरमागे सुमारे ११० मोल असतात, तर आपण शोधतो त्या रेणूंचे मेंदूतील प्रमाण लिटरमागे एक ते दहा मिलिमोलच्या आसपास असते. म्हणजे दहा हजारांत एक इतका क्षीण आवाज ऐकायचा, तर पाण्याचा आवाज आधी दाबावा लागतो आणि भोवतालचे चुंबकीय क्षेत्र कमालीचे एकसारखे करावे लागते. शिवाय आलेखावरील उंची म्हणजे प्रमाण नव्हे. कोलीनच्या रेणूत नऊ हायड्रोजन एकाच जागी, ३.२ पीपीएमला, संदेश देतात, त्यामुळे प्रमाण जेमतेम एक-दोन मिलिमोल असूनही त्याचे शिखर कितीतरी अधिक प्रमाणात असलेल्या क्रिएटिनच्या शिखराशी स्पर्धा करते.

ही शिखरे काय सांगतात? २.० पीपीएमला असलेले एनएए, म्हणजे एन-अ‍ॅसिटिल अ‍ॅस्पार्टेट, चेतापेशींत असते. ते घटले म्हणजे तिथे चेतापेशी कमी झाल्या किंवा आजारी आहेत, एवढेच. कशामुळे, ते शिखर सांगत नाही. कोलीनचे शिखर मुख्यतः फॉस्फोकोलीन आणि ग्लिसरोफॉस्फोकोलीन यांचे असते. हे रेणू पेशीचे आवरण बांधतानाही तयार होतात आणि ते मोडतानाही बाहेर पडतात. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत ते वाढतात हे खरे, पण चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण सक्रियपणे नष्ट होत असते अशा आजारातही वाढतात, आणि तान्ह्या बाळाच्या निरोगी मेंदूत तर कोलीन जास्त व एनएए कमी हीच नेहमीची स्थिती असते. ३.० पीपीएमचे क्रिएटिन बरेचजण मोजमापाचा स्थिर आधार म्हणून धरतात. गाठीत तेही बदलते, म्हणून कोलीन-क्रिएटिनचे गुणोत्तर वाढलेले दिसले तर वरचा आकडा चढला की खालचा उतरला हे आधी पाहावे लागते. कोलीन-एनएए गुणोत्तर दोनाच्या वर गेले की गाठ ‘वाईट’, असा ठोकताळा सर्रास वापरला जातो. तपासणी कोणत्या इको टाइमला केली, म्हणजे लहर सोडल्यावर किती वेळाने संदेश टिपला, हे सांगितल्याशिवाय दिलेला असा आकडा मी ग्राह्य धरत नाही.

लॅक्टेटपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण गाठीचा चयापचय म्हटले की सगळे तिथेच येऊन पोहोचतात. ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की गाठीच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टेट करतात. पेशीला एका ग्लुकोजपासून या मार्गाने दोनच एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, पूर्ण ज्वलन झाले तर तीसच्या आसपास; मग ही उधळपट्टी कशासाठी? वारबुर्ग यांना वाटले की पेशीची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते. पुढे पुष्कळ गाठींत ती शाबूत आढळली. आज असे मानतात की नव्या पेशी बांधायला लागणारा कच्चा माल या मार्गावरून अधिक सोयीने वळवता येतो. मेंदूच्या गाठींच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांना कार्बन-१३ असलेले ग्लुकोज शिरेतून देऊन, काढलेल्या तुकड्याचा अनुनादाने अभ्यास करण्याचे काम अमेरिकेत डॅलस येथे झाले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या गाठी ग्लुकोजचे पूर्ण ज्वलनही करत असल्याचे दिसले. तेव्हा ‘कर्करोग फक्त साखर आंबवतो’ हे शाळकरी विधान सोडून द्यावे.

निरोगी मेंदूत लॅक्टेट इतके कमी असते की आपल्या यंत्रांवर ते सहसा दिसत नाही. दिसले, तर १.३ पीपीएमला दोन टोके असलेले शिखर येते आणि १३५ ते १४४ मिलिसेकंदांच्या इको टाइमला ते उलटे, आधाररेषेच्या खाली, उतरते. त्याच जागी चरबीचे शिखर असते आणि ते उलटत नाही, म्हणून ओळख पटवायला हीच खूण वापरतात. ३ टेस्लावर मात्र त्याच इको टाइमला, निवडलेल्या चौकोनाच्या कडांवर होणाऱ्या सरमिसळीमुळे, लॅक्टेटचा संदेश बराच पुसला जाऊ शकतो. तिथे २८८ मिलिसेकंदांवर पुन्हा पाहिल्याशिवाय ‘लॅक्टेट नाही’ असे लिहू नये. आणि ‘आहे’ असे दिसले तरी त्याची कारणे निरनिराळी असू शकतात: पेशी ते जोरात बनवत आहेत, किंवा रक्तपुरवठा अपुरा असल्याने प्राणवायूच पोहोचत नाही, किंवा मधला भाग मरून तिथे ते नुसते साचले आहे. वारबुर्गचा परिणाम यांपैकी पहिल्याच कारणात बसतो, आणि अहवालातील शिखर या तिन्हींत फरक करत नाही. पक्षाघातातही लॅक्टेट दिसते, पुवाच्या गाठीतही दिसते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत मेंदूतील, शिरेतून औषध टोचल्यावर कडेने उजळणाऱ्या गाठीचा विचार ग्लायोमा आणि अन्य अवयवांतून पसरलेला कर्करोग यांभोवती फिरतो. इथे क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ रोजच्या यादीत ठेवावी लागते. आकडी घेऊन आलेल्या चाळिशीच्या माणसात तर आधीच. क्षयाच्या गाठीत ०.९ आणि १.३ पीपीएमला चरबीचे रुंद, ठसठशीत शिखर उठते, आणि जंतूंमुळे झालेल्या पुवाच्या गाठीत ०.९ ला अमिनो आम्ले, कधी १.९ ला अ‍ॅसिटेट व २.४ ला सक्सिनेट दिसते. हे उपयोगी आहे, पण निर्णायक नाही, कारण क्षयाच्या गाठीत कोलीनही चढलेले असू शकते आणि मध्यभाग मेलेल्या उच्च श्रेणीच्या ग्लायोमातही चरबी दिसते. उलट उदाहरणही आहे: मुलांमध्ये आढळणारा पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही सर्वांत सौम्य श्रेणीची गाठ, पण तिच्यात कोलीन चढलेले आणि लॅक्टेट स्पष्ट असे चित्र मिळू शकते. नुसता आलेख पुढे ठेवला तर जाणकारही तिला घातक म्हणेल. आपल्या अहवालातील ‘शक्यता’ हा शब्द म्हणून योग्य आहे, आणि त्यापुढचा ‘बायोप्सी करावी’ हा सल्लाही.

आता हा आलेख मुळात विश्वासार्ह आहे का, ते पाहावे. एकेरी चौकोनाच्या तपासणीत तंत्रज्ञ गाठीवर सुमारे दोन सेंटिमीटर बाजूचा घन ठेवतो, त्या जागेपुरते क्षेत्र एकसारखे करतो, पाणी दाबतो आणि मग दीड सेकंदाच्या अंतराने १२८ वेळा संदेश गोळा करून त्यांची सरासरी काढतो. यात तीन मिनिटे बारा सेकंद जातात. कोलीन आणि क्रिएटिन यांच्यात सुमारे ०.२ पीपीएमचे अंतर आहे, म्हणजे १.५ टेस्लावर जेमतेम १२-१३ हर्ट्झ आणि ३ टेस्लावर त्याच्या दुप्पट. पाण्याच्या रेषेची रुंदीच पंधरा-वीस हर्ट्झ असेल तर ती दोन शिखरे एकमेकांत मिसळतात, आणि मग त्यांचे गुणोत्तर छापणे म्हणजे यंत्राने केलेला अंदाज छापणे होय. घन कवटीच्या हाडाला किंवा डोक्याच्या त्वचेखालच्या चरबीला टेकला, कपाळामागच्या हवेच्या पोकळीजवळ गेला, किंवा गाठीत जुना रक्तस्राव असला, तरी हेच होते. गाठ डाव्या बाजूच्या पुढच्या भागात असल्याने आपल्या बाबतीत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारीन.

किनारपट्टीवर यंत्र चालवणाऱ्यांना त्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. खाऱ्या दमट हवेने यंत्र थंड ठेवणाऱ्या चिलरच्या बाहेरच्या जाळ्या गंजतात, मृगाच्या तोंडावर वीज खालीवर होते, चिलर थांबतो, आणि चुंबकाच्या आतले तापमान हलले की क्षेत्रही हळूहळू सरकत राहते. नेहमीच्या चित्रात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. स्पेक्ट्रममध्ये शिखरे पसरून बसतात आणि पाणी नीट दाबले जात नाही. रात्रीच्या एसटीने आलेला थकलेला रुग्ण तपासणीच्या शेवटी डुलकी घेऊन मान हलवतो, त्याचाही परिणाम असाच होतो. म्हणून स्पेक्ट्रोस्कोपी आधी आणि लांबणाऱ्या बाकीच्या चित्रमालिका नंतर घ्याव्यात, या मताचा मी आहे.

एवढे सगळे सांगितल्यावर ही तपासणी करायचीच कशाला, असे वाटेल. करावी, पण नेमका प्रश्न घेऊन करावी. सर्वांत चांगला उपयोग तुकडा कुठून घ्यायचा हे ठरवण्यासाठी होतो. मेंदूतील गाठ सर्वत्र सारखी नसते. सुई मेलेल्या किंवा सौम्य भागात गेली तर श्रेणी चुकते, आणि अनेक चौकोनांच्या तपासणीत कोलीन जिथे सर्वाधिक आहे तो भाग शस्त्रक्रिया करणाऱ्याला दाखवता येतो. दुसरा उपयोग गाठीच्या कडेबाहेर. ग्लायोमाच्या पेशी उजळणाऱ्या कडेपलीकडे झिरपतात, त्यामुळे तिथेही कोलीन चढलेले सापडते. अन्य अवयवांतून आलेल्या कर्करोगाभोवती सहसा नुसती सूज असते. अहवालात गाठीच्या मधलाच आकडा असेल आणि कडेबाहेरचा नसेल, तर निम्मी माहिती हातची गेली असे समजावे. तिसरा उपयोग किरणोपचारानंतरचा: गाठ पुन्हा वाढली की किरणांनी मेंदूचा तो भाग मेला, हा प्रश्न नेहमी येतो, आणि प्रत्यक्षात दोन्ही एकत्र असल्याने उत्तर बहुधा अर्धवट मिळते. तिथे रक्तप्रवाहाची तपासणी जोडीला घ्यावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

साठा मोजूनही चयापचयाविषयी ठाम बोलता येते असे एक उदाहरण आहे, आणि जीवशास्त्राच्या शिक्षिकेला ते आवडेल. ग्लायोमातील आयडीएच या जनुकातील बदल २००८ मध्ये समोर आला, आणि २००९ मध्ये कळले की बदललेले विकर अल्फा-कीटोग्लुटारेटपासून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट बनवत सुटते. निरोगी पेशीत हा रेणू नगण्य असतो, अशा गाठीत तो काही मिलिमोलपर्यंत साचतो. म्हणजे तो दिसला की कारण एकच. २०१२ मध्ये ३ टेस्लावर, ९७ मिलिसेकंदांच्या इको टाइमला, २.२५ पीपीएमपाशी तो रुग्णांत मोजून दाखवला गेला. अडचण अशी की ग्लुटामेट, ग्लुटामिन आणि गाबा त्याच गर्दीत बसलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या मांडणीत तो वेगळा काढता येत नाही आणि लहान गाठीत हुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात गाठीचे नावच आयडीएच, १पी/१९क्यू अशा जनुकीय खुणांवर ठरते, आणि या बदलाला लक्ष्य करणाऱ्या व्होरासिडेनिब या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या गाठींसाठी मान्यता मिळाली. उपचार असे जनुकावर बेतले जात असताना तुकडा टाळता येणार नाही. तुकडा कशाला, या आपल्या पहिल्या शंकेचे खरे उत्तर हे आहे.

प्रोस्टेटविषयी ओझरते सांगतो. तिथे २.६ पीपीएमचे सायट्रेट घटणे आणि कोलीन वाढणे ही सुरेख खूण होती. तरीही अहवालाच्या पाय-रॅड्स या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या २०१२ च्या आवृत्तीत ऐच्छिक असलेली स्पेक्ट्रोस्कोपी २०१५ च्या आवृत्तीत वगळली गेली. वेळ आणि कौशल्य फार लागत होते, आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या विसरणाच्या (डिफ्युजन) चित्रांनी तेच काम सोपे केले. एखादी खूण शास्त्रीयदृष्ट्या खरी असणे आणि ती गावोगावच्या यंत्रांवर टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वेग पाहायचा असेल तर खूण केलेला पदार्थ शरीरात सोडून त्याचे काय होते ते बघावे लागते. आपण वाचलेली पायरुव्हेटची तपासणी हीच; पायरुव्हेट म्हणजे ग्लुकोज मोडताना तयार होणारा रेणू, आणि त्यावर खूण असते कार्बन-१३ ची. कार्बन-१३ निसर्गात १.१ टक्केच असतो आणि त्याचा संदेश हायड्रोजनच्या मानाने फार दुबळा. ३ टेस्लावर शरीराच्या तापमानाला हायड्रोजनच्या दहा लाख केंद्रांमागे जेमतेम दहा अधिकची एका दिशेला झुकतात, कार्बन-१३ ची त्याहूनही कमी. २००३ मध्ये आर्डेनक्येर-लार्सन आणि सहकाऱ्यांनी यावर तोड काढली: पदार्थ निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एका केल्व्हिनपर्यंत थंड करायचा, चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या, आणि मग गरम द्रावकाने झटकन विरघळवायचा. संदेश दहा हजार पटींहून अधिक वाढतो, पण पायरुव्हेटमध्ये तो मिनिटभरात ओसरू लागतो. त्यामुळे शुद्धतेची चाचणी, इंजेक्शन आणि चित्रण हे सगळे धावतपळत उरकावे लागते. शरीरात गेलेल्या पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना, अ‍ॅलनिन होताना, बायकार्बोनेट होताना वेगवेगळी शिखरे दिसतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील पहिला मानवी अभ्यास सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथेही एक बारकावा आहे: खूण केलेले पायरुव्हेट आधीपासून साचलेल्या लॅक्टेटशी अदलाबदल करते, त्यामुळे मोजलेला ‘वेग’ विकरावर, पेशीत शिरण्याच्या वाटेवर आणि पुन्हा त्या जुन्या साठ्यावरही अवलंबून राहतो.

मला स्वतःला अधिक आशा वाटते ती ड्युटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, पद्धतीची. येल विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये दाखवले की ड्युटेरियमची खूण केलेले ग्लुकोज रुग्णाला नुसते प्यायला द्यावे आणि तासाभराने मेंदूत त्याचे किती ग्लुटामेट-ग्लुटामिन झाले, किती लॅक्टेट झाले, याचे नकाशे काढावेत. ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे सर्वांत घातक ग्लायोमाच्या, गाठीत लॅक्टेट वाढलेले आणि ग्लुटामेट-ग्लुटामिन घटलेले दिसते, म्हणजे वारबुर्गचा परिणाम खऱ्या अर्थाने चित्रात उतरतो. किरणोत्सर्ग नाही, धावपळ नाही. मात्र यंत्राला वेगळ्या वारंवारतेचे कॉइल आणि साहित्य लागते. या दोन्ही तपासण्या संशोधनाच्या पातळीवर आहेत. दिरांच्या उपचारासाठी त्यांच्या शोधात वेळ घालवू नये.

पेट स्कॅनचे उत्तर छोटे आहे. नेहमीचे एफडीजी पेट, म्हणजे किरणोत्सर्गी खूण केलेल्या ग्लुकोजसारख्या पदार्थाचे चित्र, ग्लुकोज पेशीत शिरून अडकण्यापर्यंतचा टप्पा दाखवते, पुढचा नाही. आणि निरोगी मेंदूच इतके ग्लुकोज खातो की गाठ त्यात उठून दिसेलच असे नाही. त्यातील फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटे असल्याने मुंबईत बनवलेला डोस रस्त्याने रत्नागिरीला सात-सव्वासात तासांत पोहोचेतो सुमारे सोळावा भागच उरतो. मेंदूतील पहिल्या गाठीसाठी केवळ एफडीजी पेट करायला मुंबईची खेप घालण्याची गरज मला दिसत नाही. अन्य अवयवात मूळ असल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी.

तुकड्यासाठी मात्र जावेच लागेल, मग ते परळ-खारघरचे टाटा रुग्णालय असो की आपल्याला जवळचे गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय. जाताना नुसता छापील अहवाल नेऊ नये. संपूर्ण तपासणीची डायकॉम (यंत्रातील मूळ चित्रांच्या) स्वरूपातील सीडी घ्यावी आणि स्पेक्ट्रमचे आलेख, घन कुठे ठेवला होता ते दाखवणारी तिन्ही दिशांची चित्रे आणि इको टाइम त्यात आहेत याची खात्री करून घ्यावी. पुष्कळदा ही पाने सीडीत उतरतच नाहीत आणि पुढचा डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतो. छातीचा एक्स-रे किंवा सीटी झाला असेल तर तोही बरोबर ठेवावा, कारण क्षयाची शंका तिथे मिटते किंवा बळावते.

राहिला ताटाचा प्रश्न. आलेखातील कोलीन हे गाठीच्या पेशींच्या आवरणाशी निगडित आहे. बांगडा, तारली, अंडी बंद केल्याने ते उतरणार नाही आणि गाठही आटणार नाही. साखर तोडून गाठ उपाशी ठेवण्याचा विचार कोणी सांगितला असेल तर तोही सोडावा, कारण यकृत रक्तातील ग्लुकोज राखतच राहते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी वजन उतरणे परवडणारे नसते. दिरांना सुजेसाठी डेक्सामेथासोन चालू असेल तर त्याने रक्तातील साखर चढते. मधुमेह असो वा नसो, ती दोन-तीन दिवसांआड तपासून घ्यावी आणि जेवण नेहमीचे ठेवावे.